टायपिंगची चूक

"आता म्हातारा न्हाई. आता तरी उडवा ती पोस्ट."

सोमवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात पायरीवर बसलेला सरपंचांचा पुतण्या एवढं बोलून मोकळा झाला. राम राम नाही, काही नाही. आत आला तो थेट माझ्या खुर्चीत बसला. मी म्हटलं, "उठा, ती माझी बसायची जागा आहे." उठला. पण जाता जाता मॉनिटरवर बोटाने टकटक करून गेला. "शनिवारी येतो, ताई. पासवर्ड तुमच्यापाशीच हाय, आमाला ठावं हाय. दुकान चांगलं चाललंय तुमचं. चालू द्या."

आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात अब्बा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. तसंच खाली बघत म्हणाले, "कायकू उलझती गे? मिटा दे." माझं डोकं तापलं होतं. झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरत बसले आणि तेही उलटे भरले.

पासवर्ड माझ्याकडे आहे हे सगळ्या गेवराईला माहीत असण्याचं कारण म्हणजे आमचे काका. ते दुकानात पीकविम्याचे अर्ज भरायला आलेल्या गर्दीत उभे राहून खणखणीत आवाजात सांगायचे, "बाई, म्हशीचं नाव टाका आन पुढं तिचं वय टाका!" मी कपाळाला हात लावायची. "काका, पासवर्ड असा ओरडून सांगतात का?" तर म्हणायचे, "कावून? म्हस काय चोरून आनलीय का मी?" दर वर्षी म्हशीचं वय वाढलं की आठवणीने पासवर्ड बदलायला यायचे. म्हैस मोठी झाली आणि पासवर्ड लहानच राहिला, हे त्यांना पटत नसे. नशीब, नुसत्या पासवर्डने ब्लॉग उघडत नाही, माझ्या मोबाइलवर कोड येतो.

नात्याने ते आमचे कुणी नव्हते. उमापूरच्या पुढे आत एक लहान गाव आहे, तिथले. गावाचं नाव लिहीत नाही. आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते, म्हणजे जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. निवृत्त झाल्यावर एके दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, "मला ब्लॉग काढायचाय." मला ऐकू आलं प्लॉट. मी म्हटलं, "प्लॉटचं काम तलाठ्याकडे, इथे नाही." तर चिडले. "प्लॉट न्हाई हो बाई! ब्लॉग. बैलातला ब!"

मी त्यांना समजावलं की आता ब्लॉग कुणी वाचत नाही, फेसबुकवर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पटतं. म्हणाले, "तितं आज सोडलं की उद्या कुटं गेलं पत्ता लागत न्हाई. मला दावनीला बांधायचंय. जवा यावं तवा जागंवर दिसलं पायजे."

ब्लॉगचं नाव ठेवलं 'गोठ्यावरून'. एका पोस्टमध्ये गावातलं एकच जनावर. कुणाची शेळी, कुणाचा एका शिंगाचा बैल, देवाला सोडलेला वळू. कुणाच्या घरी कशी आली, काय खाते, कुणावर रुसते. वाचायला बसलं की जनावराबरोबर मालकाचं घरही कळायचं, आणि मालकालाही त्याचा राग यायचा नाही. फोटो मालकाला विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि मागून तर कधीच नाही. "मागून काडलेला फोटू तुमाला चालंल का?" असं मलाच विचारलं होतं. मी ब्लॉगला मोठ्या हौसेने फुलाफुलांची, रंगीत थीम लावून दिली. बघितली आणि म्हणाले, "ही झूल काढा. रोज काय पोळा हाय?" मग पांढरं पान आणि मोठी काळी अक्षरं. किती लोकांनी वाचलं तो आकडा मी दाखवायला गेले तर डोळ्यांवर हात धरला. म्हशीला रोज तराजूवर उभं केलं तर ती दूध देईल का, असा त्यांचा सवाल.

कॉमेंटला मात्र प्रत्येकाला उत्तर. शिवी दिली तरी आधी राम राम लिहायचे, मग उत्तर. एकदा परदेशातून कसली तरी बुटांची जाहिरात कॉमेंटमध्ये येऊन पडली. मी ती काढून टाकणार, तर मला थांबवलं आणि त्या यंत्राला सविस्तर लिहिलं की राम राम, आमच्या गावात चिखल फार, बूट टिकत नाहीत, तरी आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहे. मी हसून हसून बेजार. अब्बांनीसुद्धा भिंग काढलं.

बॅकअप ठेवा म्हणून मी एक पेन ड्राइव्ह दिला. पुढच्या वेळी विचारलं, "ठेवलात ना नीट?" म्हणाले, "म्हशीच्या गळ्यात हाय." खोटं वाटेल, पण खरंच प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर रेक्झिनची पिशवी शिवून, घंटेच्या शेजारी बांधला होता. घर फोडलं तर पेन ड्राइव्ह नेतील, म्हैस कोण नेणार? दर बाजारच्या दिवशी सोडून आणायचे, नवीन पोस्ट त्यात भरून घ्यायचे आणि परत गळ्यात. पेन ड्राइव्हला शेणाचा वास यायचा. मी नाक मुरडत तो कॉम्प्युटरला लावायची.

आणि या म्हशीलाच ते 'माझी पैली वाचक' म्हणायचे. पोस्ट लिहून झाली की तिच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायची. म्हैस रवंथ करत बसून राहिली तर पोस्ट ठीक. उठून उभी राहिली की काहीतरी चुकलंय, वाक्य लांबलंय नाहीतर खोटं वाजतंय. मग दुरुस्ती. मी एकदा म्हटलं, "काका, तिला माशी चावली असेल." त्यांना इतका राग आला की दोन बाजार दुकानाकडे फिरकले नाहीत.

टाइप करणं त्यांना जमायचं नाही, म्हणून मी मोबाइलवर बोलून लिहायचं शिकवलं. तिथून सगळी भानगड. मोबाइलला पुस्तकातली मराठी कळते, आणि काका बोलणार आपल्या गावची, तीही गालात सुपारी धरून. 'पानी न्हाई' म्हटलं की तो लिहायचा 'पाणी न्हावी'. 'मी बाजारला गेलतो' चं व्हायचं 'मी बाजारला गेला तो'. मी कितीदा सांगितलं, सुपारी थुंकून बोला, आणि पब्लिश करायच्या आधी चष्मा लावून वाचा. "वाचतो की म्हशीपुढं," म्हणायचे. पण ते वाचणं कसलं! स्वतःच बोललेलं, पाठच असायचं. डोळे मोबाइलवर आणि तोंडात मनातली वाक्यं.

त्या उन्हाळ्यात पाण्याचे आणि चाऱ्याचे हाल होते. सरपंचांनी स्वतःच्या रानातला ऊस तोडून गावातल्या जनावरांसाठी वाटला. खरोखर वाटला, मी खोटं कशाला सांगू. काकांना भरून आलं. नेहमीचा जनावराचा नियम मोडून त्यांनी माणसावर पोस्ट लिहिली. त्यात एक वाक्य होतं, 'सरपंच स्वतः उन्हात उभे राहून लोकांना चारा वाटत होते.' मोबाइलने लिहिलं, 'सरपंच स्वतः उन्हात उभे राहून लोकांना चोर वाटत होते.'

म्हैस बसूनच राहिली. तिला ऐकू आलं होतं चारा. काकांनी पब्लिश केलं.

दुपारपर्यंत त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट तालुकाभर फिरला. पोस्ट कुणी उघडली नाही, ओळ सगळ्यांनी वाचली. संध्याकाळी सरपंचांची पोरं काकांच्या दारात आणि दुसऱ्या दिवशी पुतण्या माझ्या दुकानात. ती त्याची पहिली भेट. म्हणाला, "पोस्ट उडवा. जोवर उडत न्हाई तोवर म्हाताऱ्याची म्हस पंचायतीच्या हौदावर येनार न्हाई." ऐन उन्हाळ्यात गावात जनावरांना पाणी मिळायची ती एकच जागा होती.

मी लगेच काकांना फोन लावला. "एक बटण आहे काका, मी इथून दाबते. लगेच मिटेल."

"हात लावू नका, बाई."

"अहो पण चूक आहे ती!"

"चूक हाय म्हनून तर. उडवलं की राहतं काय? तो फोटू. लोकाच्या मोबाइलात. मग तेच खरं ठरनार. आपन खोडायचं, उडवायचं न्हाई. जखम झाकून ठिवली की सडती."

ते दुकानात आले आणि माझ्याकडून दुरुस्ती करून घेतली. 'चोर' या शब्दावर आडवी रेघ, पुढे 'चारा'. खाली लिहायला लावलं: 'टीप: ही टायपिंगची चूक आहे. मी तोंडात सुपारी धरून बोललो आणि चष्मा न लावता वाचलं. सरपंचांची माफी.' मी वैतागले होते. म्हटलं, "काका, रेघ मारल्यावर तर चोर जास्तच उठून दिसतोय!" ते म्हणाले, "दिसू द्या. मपली चूक हाय, मपल्या नावावर राहू द्या."

पुतण्याचं समाधान अर्थातच झालं नाही. हौद बंदच राहिला. या वयात हा माणूस लांबच्या विहिरीवरून घागरी वाहून म्हशीला पाणी पाजू लागला. आणि वर दुसरी डोकेदुखी अशी की सरपंचांचे विरोधक काकांना शाबासकी द्यायला यायचे. माझ्यासमोर एकजण म्हणाला, "काका, लई भारी लिवलं! चोराला चोर म्हनायला काळीज लागतं. आता भ्यालाव कावून? ती रेघ काढा." काकांच्या कपाळाची शीर उठली. "मी चारा म्हन्लो बे! चारा! तुला कान हायेत का न्हाईत?" तो हसतच गेला. दोन्ही बाजूंना तो शब्द आपापल्या कामासाठी हवा होता, आणि काका मधे घागर घेऊन उभे. मला त्यांची दयाही यायची आणि रागही यायचा. बटण दाबावं आणि मोकळं व्हावं, असं रोज वाटायचं. काकांनी पासवर्ड बदलला नव्हता. माझ्यावर तेवढा विश्वास होता, आणि त्याचंच मला ओझं झालं होतं.

शेवटी सरपंच स्वतः दुकानात आले. मागे पुतण्या आणि त्याच्याबरोबरची पोरं, पायऱ्यांवर बघे. काका आधीच येऊन बसले होते. अब्बांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"काका, तुमी मला चोर म्हन्लाव," सरपंच म्हणाले.

"सायेब, तुमी वाचलं का?"

"सगळ्या तालुक्यानं वाचलं."

"तालुक्याचं सोडा. तुमी वाचलं का?"

काकांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, सुपारी बाहेर जाऊन थुंकून आले आणि माझ्या मॉनिटरपुढे उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ऊस कोणत्या रानातला होता ते. घरच्या जनावरांना कमी करून बाहेर दिला ते. आधी विधवा बाईच्या गाईला पेंढी दिली, मग स्वतःच्या भावकीला, ते. चोर हा शब्द आला तेव्हा तोही वाचला. "चोर. खोडलेला. चारा." शेवटी टीप वाचली.

सरपंचांनी मान वळवून पुतण्याकडे बघितलं. "हे मला कुनी दावलं न्हाई."

मग म्हणाले, "मग तेवढा शबुद पुरा काढा की."

"काढला तर लोक म्हनतील म्हातारा भ्याला आन काढला. मंजी तुमी चोर आन मी भित्रा. ऱ्हाऊ द्या हाय तसं. सायेब, तुमी चारा वाटला, हे मी लिवलंय. मी हाय तवर ते तितं राहनार."

सरपंच निघून गेले. दुसऱ्या दिवशी हौद उघडा झाला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढच्या उन्हाळ्यात गावासाठी सरकारी चारा आला. ट्रक गावात शिरला आणि पुतण्याच्या गोठ्याकडे वळला, तो तिथेच रिकामा झाला. काकांनी डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जनावर असलेल्या प्रत्येक घरात जाऊन विचारलं, "पेंडी मिळाली का?" कुणाला मिळाली नव्हती. सरपंचांच्या दारात जाऊनही विचारलं. सरपंच म्हणाले, "काका, तुमी म्हशीवर लिवा."

आणि मग एका सकाळी दुकानाच्या मागून घंटा वाजली. बघते तर काका म्हशीला चालवत घेऊन आलेले. पहाटेच निघाले असणार, दोघंही धुळीने माखलेले. आमच्या परसात बोअर आहे, लिंबाचं झाड आहे. काकांनी अब्बांना विचारलं, "भाईजान, काई दिवस बांधू का हितं? आज जे लिवनार हाय त्याच्यानंतर गावात हिला कुनी पानी पिऊ देनार न्हाई." अब्बा माझ्याकडे बघायला लागले. मग स्वतःच बादली भरून आणली.

मी खूप समजावलं, भांडलेसुद्धा. "काका, नाव न घेता लिहा ना. काही लोक, असं लिहा."

"घंटा बांधल्याबिगर जनावर सोडू का? वाचनाराला कुनाचं म्हनून कळंल?"

"तुमचं वय काय, तुम्ही एकटे राहता. काही झालं तर?"

"व्हईल ते व्हईल. मागल्या वर्सी त्यांनी चारा वाटला तवा मी लिवलं. ते खरं होतं म्हनून लोकाशी भांडलो. आता गप बसलो तर मागलंबी खोटं पडंल, बाई."



मी मोबाइल पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "बोलून न्हाई. हातानं." चष्मा लावला. सुपारी आधीच थुंकलेली. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, तोंडाने म्हणत टाइप करत बसले. ट्रकचं लिहिलं, कुठे रिकामा झाला ते लिहिलं, घरोघर कुणी काय सांगितलं ते लिहिलं. शेवटच्या वाक्याशी आले तेव्हा मी मागे उभी होते. "च ला काना... मात्रा. चो. र." थांबले. "याला काना न्हाई ना?" मी म्हटलं, "नाही." मागे परसात जाऊन म्हशीला पूर्ण वाचून दाखवलं. ती बसून राहिली. मग आत येऊन त्यांनी स्वतः पब्लिश दाबलं.

'या वर्षी सरपंच लोकांना चोर वाटत होते.'

'टीप: ही टायपिंगची चूक नाही. चष्मा लावून, हाताने लिहिलं आहे. ज्या घराला चारा मिळाला असेल त्यांनी सांगावं. खोडून दुरुस्त करीन.'

त्यानंतर आमच्या दुकानाच्या पाटीवर दगड पडला. काकांच्या घराची लाइट वरचेवर जायला लागली. ते रोज जीपने गेवराईला यायचे, म्हशीचं दूध काढायचे, तिला काहीतरी वाचून दाखवायचे आणि परत जायचे. अब्बा म्हणायचे, इथेच राहा, तर काका नाही म्हणायचे. "घर सोडलं की लोकं म्हनतील पळाला." पोस्टखाली शिव्यांच्या कॉमेंट यायच्या. प्रत्येकाला राम राम. पण चारा मिळाला, असं सांगणारी कॉमेंट एकही आली नाही. काका रोज विचारायचे, "आली का?" मी नाही म्हणायची, आणि माझी शपथ, त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांना मनापासून वाटत होतं की कुणीतरी यावं, आपलं चुकलंय म्हणून सांगावं, आणि ते खोडायला मिळावं.

थंडीत काका हार्ट अटॅकने गेले. घरी, झोपेत. त्यांची मुलगी लिंबागणेशला असते. ती आली, रडली, म्हणाली, "म्हस तुमच्याकडंच राहू द्या, ताई. तिला हितली सवय झालीय." म्हैस आमच्या परसात आहे. वय वाढलं तेव्हा मी पासवर्ड बदलला.

आज शुक्रवार. सकाळी पुतण्याचा फोन आला. काम झालं का, विचारलं. मी म्हटलं, "होऊन जाईल. फक्त एक सांगा. कुणाच्या जनावराला चारा मिळाला होता? एक नाव सांगा. त्याच्याशी बोलते, आणि लगेच ती ओळ खोडते, वर तुमची माफी मागते."

तो म्हणाला, "ताई, वायरिंग जुनी हाय तुमच्या दुकानाची. ध्यान ठिवा."

अब्बांनी ऐकलं. मला वाटलं, पुन्हा म्हणतील मिटा दे. ते उठले, परसात गेले आणि म्हशीच्या गळ्यातला पेन ड्राइव्ह सोडून माझ्यासमोर आणून ठेवला. "पहले इसमें भर ले," म्हणाले.

तर हे सगळं मी आज 'गोठ्यावरून' वर टाकते आहे. जनावराऐवजी माणसावर लिहायची ही तिसरी वेळ, काका रागावणार नाहीत. वायरिंगचं वाक्य जसं ऐकलं तसं लिहिलं आहे. बोलून लिहिलेलं नाही, सगळं हाताने टाइप केलं. दुपारी परसात जाऊन म्हशीला पहिल्यापासून वाचून दाखवलं. पासवर्डच्या जागी उठली, ते वाक्य लांब होतं, कापलं. पुढे बसून राहिली.

उद्या शनिवार आहे. दुकान वेळेवर उघडेल.

टीप: यात टायपिंगची चूक नाही.